छायाचित्रातला दुसरा सूर्य

सहलीहून परतल्यावर मोबाइलवरचे फोटो पाहताना तुमच्यापैकी अनेकांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली असेल. समुद्रकिनारा छान आला आहे, मित्रमंडळी हसत उभी आहेत, वर एका कोपऱ्यात सूर्याचा पांढराशुभ्र गोळा आहे. आणि खाली वाळूवर, किंवा एखाद्याच्या सदऱ्यावर, एक लहानसा हिरवट तेजस्वी ठिपका आहे. तुम्ही तिथे उभे होता तेव्हा असा ठिपका कोणीच पाहिला नव्हता. मग तो फोटोत आला कोठून?

ठिपका वाळूवर असला तर आपण हसून सोडून देतो. पण तोच आकाशात उमटला तर? मग ‘आकाशात दुसरा सूर्य दिसला’ अशी बातमी व्हायला वेळ लागत नाही. २१ डिसेंबर २०१२ रोजी निबिरू नावाचा एक अज्ञात ग्रह पृथ्वीवर आदळणार, अशी आवई जगभर उठली होती. त्या काळात सूर्याशेजारी तेजस्वी ठिपका असलेले फोटो ‘हा पाहा पुरावा’ म्हणून दाखवले जात. तो दिवस आला आणि गेला. ग्रह काही आला नाही, कारण तो नव्हताच. फोटोतला ठिपका मात्र होता; आणि तो उमटायला कोणी लबाडी करण्याची गरजही नव्हती.

म्हणजे फोटो काढणारा प्रामाणिक, कॅमेराही प्रामाणिक, तरी निष्कर्ष चुकीचा! असे का होते? कारण फोटोत दोन गोष्टी उमटत असतात. एक, कॅमेऱ्यासमोरचे दृश्य. आणि दुसरी, खुद्द कॅमेऱ्याच्या पोटात प्रकाशाचे जे काही होते ते. साध्या दृश्यात ही दुसरी गोष्ट इतकी फिकट असते की ती आपल्या लक्षात येत नाही. पण समोर सूर्य आला की ती उघडी पडते. कॅमेऱ्याच्या पोटातल्या या घडामोडी ओळखायच्या कशा, हे आज आपण पाहू.

सूर्य केवढा आणि किती तेजस्वी?

प्रथम एक छोटेसे गणित करू. पृथ्वीवरून पाहताना सूर्याची तबकडी आकाशात सुमारे अर्धा अंश जागा व्यापते. मोबाइलच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात आडव्या दिशेने साधारण ७० अंशांचे दृश्य मावते. म्हणजे फोटोच्या रुंदीत १४० सूर्य शेजारी शेजारी बसतील. तुम्ही हा फोटो १५ सेंटिमीटर रुंद छापला, तर त्यात सूर्याचा व्यास जेमतेम १ मिलिमीटर असायला हवा. मोहरीच्या दाण्याएवढा!

पण प्रत्यक्षात आपल्या फोटोतला सूर्य कधी सुपारीएवढा, कधी लिंबाएवढा दिसतो. म्हणजे आपण ज्याला ‘सूर्याचा फोटो’ म्हणतो त्यातला बहुतेक भाग सूर्य नसतोच.

याचे कारण सूर्याचे तेज. दुपारच्या सूर्याच्या तबकडीचा एक लहानसा तुकडा आणि निळ्या आकाशाचा तेवढाच तुकडा यांची तुलना केली, तर सूर्याचा तुकडा लाखाहून अधिक पट तेजस्वी भरतो. कॅमेरा मात्र मित्रांचे चेहरे आणि आकाश नीट यावे अशा बेताने प्रकाश आत घेतो. हा बेत सूर्याच्या बाबतीत पार चुकतो. हवेतली धूळ व बाष्प, भिंगावरचे धूलिकण, काचेला लागलेला बोटांचा तेलकटपणा यांच्यामुळे सूर्याचा थोडासा प्रकाश आजूबाजूला विखुरतो. हा विखुरलेला प्रकाश मूळ सूर्याच्या मानाने अगदी नगण्य असतो. पण एक लाखातला नगण्य हिस्सासुद्धा आकाशाच्या उजेडापेक्षा जास्तच ठरतो! म्हणून सूर्याभोवती तो पांढरा लोळ पसरतो.

ही ‘लाखाची’ गोष्ट नीट ध्यानात ठेवा. पुढच्या सगळ्या गमतीजमतींचे मूळ तिच्यात आहे.

काचेतली भुते

एक जाड काचेचा आरसा घ्या. अंधाऱ्या खोलीत त्याच्यासमोर मेणबत्ती धरा आणि आरशाकडे बरेच तिरपे पाहा. तुम्हाला एक नव्हे, तर ओळीने अनेक ज्योती दिसतील. त्यांतली एक ठळक, बाकीच्या फिकट. ठळक ज्योत आरशाच्या मागच्या चकचकीत मुलाम्यामुळे दिसते. तिच्या अलीकडची फिकट ज्योत काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेली असते. आणि पलीकडच्या ज्योती म्हणजे या दोन पृष्ठभागांत पुन:पुन्हा येरझारा घालणारा प्रकाश.

काच पारदर्शक असली तरी ती सगळाच प्रकाश आरपार जाऊ देत नाही, हा यातला धडा. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश मागे परततो. कॅमेऱ्याचे भिंग म्हणजे एकच भिंग नसते. अनेक भिंगांची ती एक रांग असते. मोबाइलच्या इवल्याशा कॅमेऱ्यातही पाच-सहा किंवा त्याहून अधिक भिंगे बसवलेली असतात. सहा भिंगे धरली तर पृष्ठभाग झाले बारा. प्रकाश एका पृष्ठभागावरून मागे आला आणि दुसऱ्यावरून पुन्हा पुढे वळला, की तो शेवटी चित्रावरच पडतो, पण भलत्या जागी. बारा पृष्ठभागांच्या अशा जोड्या किती होतात, ते तुम्हीच मोजा: १२ गुणिले ११ भागिले २, म्हणजे ६६. इतक्या भलत्या वाटा! या वाटांनी येणाऱ्या प्रकाशामुळे जे ठिपके, कड्या आणि चकत्या उमटतात, त्यांना छायाचित्रकार चक्क ‘भुते’ म्हणतात. 

या भुतांचा बंदोबस्त करण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९३५ साली जर्मनीतील झाइस कंपनीत काम करणाऱ्या अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगावर अतिशय पातळ पारदर्शक लेप चढवण्याची युक्ती काढली. लेपाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या दोन लहरी एकमेकींना मारक ठरतील, अशी त्याची जाडी राखलेली असते. चांगल्या लेपामुळे परावर्तन अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणता येते.

आता पुन्हा गणित. अर्धा टक्का म्हणजे दोनशेवा भाग. दोन परावर्तनांनंतर उरतो दोनशेव्याचा दोनशेवा, म्हणजे चाळीस हजारावा भाग. झाडाच्या किंवा माणसाच्या फोटोत चाळीस हजारावा भाग कोणाला दिसणार? पण सूर्य आकाशाच्या लाखाहून अधिक पट तेजस्वी! त्याचा चाळीस हजारावा भागसुद्धा निळ्या आकाशावर उठून दिसतो. शिवाय लेप सगळ्या रंगांना सारखाच लागू पडत नाही. जो रंग थोडा जास्त परततो त्याची छटा भुताला येते. म्हणून ही भुते कधी हिरवी, कधी जांभळी असतात.

उलटी कोर

या भुतांपैकी एक भूत मोठे गुणी आहे. सूर्याचा प्रकाश भिंगातून जाऊन आतल्या संवेदकावर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चकतीवर, एकत्र येतो. संवेदकाची चकती चकचकीत असते. तिच्यावरून काही प्रकाश आल्या वाटेने भिंगातून बाहेर निघतो. बाहेर कॅमेऱ्याच्या तोंडाशी एक सपाट संरक्षक काच असते. ती छोट्या आरशासारखे काम करते आणि त्यातला थोडा प्रकाश पुन्हा आत ढकलते. भिंग त्याला पुन्हा नीट एकत्र आणते, पण या वेळी अगदी समोरच्या बाजूला. सूर्य चित्राच्या मध्यबिंदूच्या वर उजवीकडे असेल, तर हे भूत तेवढ्याच अंतरावर खाली डावीकडे उमटते. सूर्य, मध्यबिंदू आणि भूत हे तिघे एका सरळ रेषेत!

सूर्यग्रहणाच्या वेळी मोबाइलने फोटो काढणाऱ्यांना याची मोठी गंमत अनुभवायला मिळते. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी महाराष्ट्रातून खंडग्रास ग्रहण दिसले होते. अशा वेळी चंद्राने सूर्याचा मोठा लचका तोडलेला असला, तरी मोबाइलच्या फोटोत नेहमीसारखाच गोल पांढरा लोळ येतो. ‘ग्रहण आलेच नाही’ म्हणून आपण हिरमुसतो. पण फोटोत समोरच्या बाजूला पाहिले, तर तिथे एक चिमुकली, रेखीव कोर असते, आणि तीही उलटी! लोळात अतिरेकी प्रकाशामुळे सगळा आकार बुडून गेला. भूत मात्र फिकट असल्यामुळे त्याच्यात सूर्याचा खरा आकार शाबूत राहिला. जिथे सूर्याने दगा दिला तिथे भूत खरे बोलले.

वाट्या आणि पागोळ्या

आतापर्यंत आपण भिंगांविषयी बोललो. आता संवेदकाकडे वळू. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सिलिकॉनची चकती असते. तिच्यावर लक्षावधी सूक्ष्म चौकटी असतात. त्यांना पिक्सेल म्हणतात. प्रकाश पडला की पिक्सेलमध्ये इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि साठतात. जिथे जास्त प्रकाश तिथे जास्त इलेक्ट्रॉन. हे इलेक्ट्रॉन मोजून चित्र तयार होते.

अंगणात ओळीने वाट्या मांडून पावसाचे पाणी मोजावे, तसाच हा प्रकार. प्रत्येक वाटीत किती पाणी साठले ते मोजले की कोठे किती पाऊस पडला ते कळते. पण एखादी वाटी नेमकी पागोळीखाली आली तर? ती काठोकाठ भरेल. त्यानंतर कितीही पाणी पडले, तरी ती ‘भरलेली’ एवढेच सांगू शकेल. फोटोत सूर्याच्या जागी निव्वळ पांढरा रंग येतो, त्यात ना डाग ना आकार, याचे कारण हेच. आणि भरलेली वाटी तिथेच थांबत नाही. ती ओसंडते आणि शेजारच्या वाट्याही भरून टाकते. शेजारच्या वाट्या मग पाऊस पडल्याची खोटी साक्ष देतात.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी नावाच्या संवेदकाचा शोध लावला. त्याबद्दल त्यांना २००९ साली भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा मान मिळाला. सीसीडीची रीत मोठी मजेची आहे. बांधकामावर मजूर रांगेत उभे राहून घमेली हातोहात पुढे देतात ना, तशी सीसीडीतली प्रत्येक वाटी आपले इलेक्ट्रॉन शेजारच्या वाटीला देते. असे करत करत ते टोकाला पोहोचतात आणि तिथे मोजले जातात. यामुळे ओसंडणारे इलेक्ट्रॉनही रांगेच्या दिशेनेच सहज पसरतात आणि तेजस्वी वस्तूतून निघालेली एक सरळ रेघ चित्रात दिसते. शिवाय काही प्रकारच्या सीसीडींत, घमेली पुढे सरकत असताना वाटेत पागोळी लागली तर प्रत्येक घमेल्यात चार थेंब जादा पडतात. मग सूर्यातून चित्राच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत गेलेला एक उभा पट्टा उमटतो. जुन्या डिजिटल कॅमेऱ्याच्या पडद्यावर हा पट्टा तुमच्या शिक्षकांनी नक्कीच पाहिला असेल.

या रेघेने मोठमोठ्यांना चकवले आहे. सोहो नावाचे सूर्यनिरीक्षक अंतराळयान २ डिसेंबर १९९५ रोजी सोडण्यात आले. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावरून ते सूर्याच्या आसपासच्या भागाची चित्रे पाठवू लागले. त्या चित्रांत शुक्र किंवा गुरू आला, की तो तेजस्वी ग्रह सीसीडीच्या वाट्या ओसंडून टाकी आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आडवी रेघ उमटे. मधे गोल, दोन्ही बाजूंना कडा: झाली की उडती तबकडी तयार! सूर्याजवळ परग्रहवासीयांची याने दिसल्याचे दावे अशा चित्रांवरून केले गेले. खुलासा मात्र साधा होता. ही रेघ नेमकी पिक्सेलच्या ओळीलाच समांतर असे. परग्रहावरून येणारे यान आपल्या कॅमेऱ्याच्या ओळी पाहून उडेल, असे कसे मानावे?

काळा सूर्य

याहून अजब प्रकार म्हणजे काळा सूर्य. काही कॅमेऱ्यांच्या चित्रांत झगझगीत लोळाच्या ऐन मध्यभागी एक काळी टिकली दिसते.

मोबाइलमध्ये सीसीडीऐवजी सीमॉस प्रकारचा संवेदक असतो. १९९०च्या दशकात अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत एरिक फॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो कॅमेऱ्यासाठी विकसित केला. यात घमेल्यांची रांग नसते. प्रत्येक वाटीजवळ स्वतःचे मोजमाप असते. बिनचूक मापासाठी हा संवेदक दोनदा मोजतो. आधी रिकाम्या वाटीचे माप, मग भरलेल्या वाटीचे. दुसऱ्यातून पहिले वजा केले की निव्वळ पाणी किती ते कळते. वाण्याने आधी रिकाम्या डब्याचे वजन करून मग तेलाच्या डब्याचे करावे, तसेच हे.

आता समजा पाऊस इतका मुसळधार आहे, की रिकाम्या वाटीचे माप घेईपर्यंतच ती काठोकाठ भरली! मग पहिले माप ‘पूर्ण’ आणि दुसरे मापही ‘पूर्ण’. वजाबाकी केली तर उत्तर शून्य. शून्य म्हणजे कॅमेऱ्याच्या हिशेबी काळोख. म्हणून सर्वांत तेजस्वी जागाच काळी उमटते. हा दोष टाळण्याची सोय अनेक संवेदकांत केलेली असते. पण ती नसेल किंवा अपुरी पडली तर काळा सूर्य उगवतोच.

तारे, रेघा आणि लाल ठिपके

मोठ्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत सूर्याला कधी कधी रेखीव टोके फुटलेली दिसतात. प्रकाश आत येण्याचे छिद्र लहानमोठे करण्यासाठी अशा भिंगात धातूची पाती असतात. छिद्र लहान केले की त्याला सरळ कडा येतात. प्रत्येक सरळ कडेशी प्रकाशाचे विवर्तन होते, म्हणजे प्रकाश थोडा वळून, कडेला काटकोनात, दोन्ही बाजूंना पसरतो. पाती सहा असतील तर समोरासमोरच्या कडा समांतर असल्याने रेघा एकमेकींवर पडतात आणि टोके सहाच दिसतात. पाती सात असतील तर एकही कडा दुसरीला समांतर नसते, म्हणून टोके दिसतात चौदा. फोटोतल्या सूर्याची टोके मोजून कॅमेऱ्यातली पाती सांगता येतात, ती अशी.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात सहसा अशी पाती नसतात. त्यातल्या फोटोत सूर्यातून लांबलचक रेघ निघाली असेल, तर काचेवर बोटाचा तेलकट फराटा असण्याचा संभव जास्त. रुमालाने काच पुसा. रेघ बहुधा नाहीशी होईल. कधी सूर्याभोवती लाल ठिपक्यांची जाळीही दिसते. संवेदकावर पिक्सेलच्या ओळी अतिशय जवळ जवळ असतात. सीडीच्या चकतीवरच्या बारीक रेषांमुळे जसे रंग पसरतात, तसाच या ओळींवरून परतणारा प्रकाश ठराविक दिशांना पसरतो आणि पुढच्या काचेवर आपटून पुन्हा संवेदकावर पडतो.

खरे-खोटे कसे ओळखावे?

इतके वाचल्यावर ‘फोटोत विचित्र दिसले की तो कॅमेऱ्याचा दोष’ असे म्हणून मोकळे व्हावेसे वाटेल. पण तीही घाईच होईल. आकाशात खरोखरच विलक्षण गोष्टी दिसतात. उंचावरच्या विरळ ढगांत बर्फाचे षट्कोनी स्फटिक असले, तर सूर्याभोवती गोल खळे पडते. त्याची त्रिज्या सुमारे २२ अंश असते. हात ताठ लांब करून पसरलेली वीत साधारण तेवढाच कोन व्यापते. हे स्फटिक आडवे तरंगत असतील तर सूर्याच्या डावीकडे आणि उजवीकडे, जवळजवळ त्याच उंचीवर, दोन तेजस्वी ठिपकेही दिसू शकतात. हे ‘दुसरे सूर्य’ कॅमेऱ्याच्या पोटातले नसतात. ते आकाशातले असतात, आणि डोळ्यांनाही दिसतात. त्यांना खोटे म्हणणे हीसुद्धा चूकच.

तेव्हा न्याय करण्यापूर्वी साक्षीदाराची उलटतपासणी करावी. तिचे चार प्रश्न असे:

१. कॅमेरा हलवला तर काय होते? फोटो काढताना कॅमेरा थोडा डावी-उजवीकडे वळवावा. खरी वस्तू झाडे, इमारती, ढग यांच्या संदर्भात जागा सोडत नाही. भूत मात्र जागा सोडते, आणि पुष्कळदा सूर्याच्या उलट दिशेने पळते.

२. सूर्य झाकला तर काय होते? भिंतीची कड किंवा विजेचा खांब नेमका सूर्याच्या आड येईल असे उभे राहावे. भूत सूर्याच्या प्रकाशावर जगते, म्हणून ते तत्काळ नाहीसे होते. आकाशातले खळे मात्र जागच्या जागी राहते, किंबहुना अधिक स्पष्ट दिसते.

३. ठिपका कोठे आहे? फोटोचे दोन कर्ण काढून मध्यबिंदू शोधावा. सूर्यापासून मध्यबिंदूतून जाणारी रेषा काढावी. ठिपका त्या रेषेवर, आणि पलीकडे जवळजवळ तेवढ्याच अंतरावर असेल, तर भूत सापडलेच म्हणून समजा. मात्र त्यासाठी फोटो पूर्ण हवा. कडा कापलेल्या फोटोत खरा मध्यबिंदू हरवतो. म्हणून कोणी फिरता फिरता आलेला फोटो दाखवला, तर आधी मूळ, न कापलेला फोटो मागावा.

४. दुसरा साक्षीदार आहे का? त्याच वेळी, दुसऱ्या जागेवरून, दुसऱ्या बनावटीच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत तीच वस्तू आकाशात त्याच ठिकाणी आहे का? सूर्याएवढा दुसरा गोळा खरोखर उगवला असता, तर तो एकाच गावातल्या एकाच मोबाइलला दिसून भागले नसते.

भुते पळवून लावणारा शास्त्रज्ञ

कॅमेऱ्याचे दोष ओळखणे म्हणजे केवळ अफवा खोडून काढणे नव्हे. त्यातून मोठे शोध लागतात. सूर्याभोवती प्रभामंडल नावाचे अत्यंत विरळ, तप्त वातावरण आहे. ते सूर्याच्या तबकडीपेक्षा सुमारे दहा लाख पट फिकट असते. त्यामुळे ते फक्त खग्रास ग्रहणात, तेही काही मिनिटेच, पाहायला मिळे. एरवी दुर्बिणीत सूर्याची तबकडी झाकून प्रभामंडल पाहण्याचे प्रयत्न झाले, पण ते फसले. कारण दुर्बिणीच्या पोटातली भुते आणि विखुरलेला प्रकाश यांतच ते बुडून जाई.

बर्नार लिओ या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे एकेक भूत नाव घेऊन हुडकले. काचेतले बुडबुडे आणि ओरखडे प्रकाश विखरतात, म्हणून त्याने निर्दोष काचेचे, अत्यंत गुळगुळीत केलेले एकच भिंग वापरले. भिंगाच्या कडेशी विवर्तन होते, म्हणून तो प्रकाश जिथे गोळा होतो तिथे आडोसा ठेवला. भिंगाच्या दोन पृष्ठभागांत येरझारा घालून येणारा प्रकाश जिथे पोहोचतो, तिथे एक काळी टिकली बसवली. मग स्वच्छ हवेसाठी हे उपकरण त्याने पिरेनीज पर्वतातील सुमारे २,८७० मीटर उंचीच्या पिक द्यू मिदी या शिखरावर नेले. आणि १९३० साली, ग्रहण नसताना, दिवसाढवळ्या त्याने प्रभामंडल पाहिले!

२ सप्टेंबर २०२३ रोजी भारताने सोडलेल्या आदित्य-एल१ या यानावरही सूर्य झाकून प्रभामंडल पाहणारे उपकरण आहे. त्याच यानावर पुण्याच्या आयुका संस्थेच्या पुढाकाराने घडलेली, सूर्याची अतिनील चित्रे टिपणारी दुर्बीणही आहे. सूर्याचा बराचसा प्रकाश दारातच अडवणारी खास गाळणी तिच्या तोंडाशी बसवलेली आहे. तुमच्या मोबाइलमध्ये जो ठिपका सहलीचा फोटो बिघडवतो, त्याच्याशी या साऱ्यांना झुंजावे लागते.

तुम्ही करून पाहा

या प्रयोगासाठी सूर्य नको, विजेरी पुरे. अंधाऱ्या खोलीत टेबलावर विजेरी ठेवा आणि तीन-चार मीटरवरून मोबाइलच्या पडद्यावर तिच्याकडे पाहा. विजेरी पडद्याच्या एका कोपऱ्यात येईल असा मोबाइल धरला, की समोरच्या कोपऱ्यात बहुधा भूत दिसेल. मोबाइल हलवून त्याची चाल पाहा. विजेरीच्या काचेवर काळ्या कागदाचा बाण कापून चिकटवा आणि भुतातला बाण सुलटा आहे की उलटा ते नोंदवा. काचेवर बोट एकदा उभे, एकदा आडवे फिरवून रेघेची दिशा कशी बदलते तेही तपासा. निरीक्षणे वहीत आकृतीसह लिहून ठेवा.

सूर्याच्या बाबतीत मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळा. त्याच्याकडे थेट पाहू नका. आणि दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्याच्या काचेच्या खिडकीतून तर मुळीच नको. डोळ्याच्या पडद्याला वेदना होत नाही, त्यामुळे इजा होत असताना कळतही नाही. एक्स-रेची जुनी फिल्म किंवा काजळी धरलेली काच ही सुरक्षित साधने नव्हेत. दूरचे जवळ दाखवणारे भिंग लावून कॅमेरा सूर्यावर रोखला तर संवेदकही जळू शकतो. ग्रहण पाहायचे तर प्रमाणित ग्रहणचष्मा वापरा, किंवा पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून पडद्यावर सूर्याची प्रतिमा पाडा.

२ ऑगस्ट २०२७ रोजी महाराष्ट्रातूनही खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. दिवस पावसाळ्याचे आहेत. पण ढगांनी कृपा केली, तर त्या दिवशी पुष्कळ फोटो काढले जातील आणि त्यांतल्या कित्येकांत दोन-दोन सूर्य उगवतील. कोणी तुम्हाला असा फोटो दाखवून ‘हे काय आहे?’ असे विचारले, तर हसू नका आणि घाबरूही नका. पट्टी आणि पेन्सिल घ्या, मूळ फोटो मागा आणि कर्ण काढायला बसा.